परातीवरचं झाकण

सांधकामाच्या दुकानाला ठरलेली वेळ नव्हती. बाकीची गल्ली घड्याळावर उघडायची आणि मिटायची, हे एकच दुकान चंद्रावर चालायचं. छपराला मधोमध ताटाएवढं गोल भोक होतं आणि त्याच्या बरोबर खाली, दगडी चौथऱ्यावर, काशाची परात. चंद्र त्या भोकावर येईल ती दुकानाची वेळ. चढत्या पंधरवड्यात ती कधी दुपारी असायची, कधी दिवेलागणीला. पौर्णिमेला मध्यरात्री आणि उतरत्या पंधरवड्यात पहाटेची. गिऱ्हाइकांना हे अंगवळणी पडलं होतं. फुटकी बरणी काखेत मारून माणसं आकाशाकडे बघत बघत यायची. एखादा नवखा बंद दारापाशी उभा राहून कुरकुरायला लागला, की समोरचा न्हावी वस्तरा हातात धरूनच सांगायचा, "अहो, अजून वर आलाय कुठे तो?"

चंद्र परातीतल्या पाण्यात उतरला की सांधणाऱ्याने हात घालून त्याची तार ओढायची. तार शिवणाच्या दोऱ्याएवढी, गार, जराशी ओलसर. फुटलेल्या कडेवरून ती चालवली की कड कडेला लागायची, आणि हात चांगला असेल तर सांधा नखालाही कळायचा नाही. सूर्य वस्तू दाखवतो, चंद्र त्यांना एकत्र ठेवतो, एवढं साधं आहे ते, असं दुकानाचे मालक सांगत. त्या गावात ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. हाडवैद्य चढत्या चंद्रावरच हाड बसवायचा, पूल बांधणारे कमानीचा शेवटचा दगड पौर्णिमेसाठी राखून ठेवायचे, आणि भांडून माहेरी गेलेल्या बायकोला आणायलाही नवरे चंद्र बघूनच निघायचे.

मालकांना सगळी गल्ली सांधेवाले म्हणायची. त्यांना दोन मुलगे, थोरला टपालात आणि धाकटा छापखान्यात. दोघांच्याही हाताला चंद्र लागला नाही. लहानपणी पाण्यात हात घातला की तो माशासारखा निसटून जायचा. मग सांधेवाल्यांनी ती आशा सोडली आणि थोरली सून घरात आली तेव्हा तिला परातीपाशी बसवलं.

थोरलीच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि त्यातली बारा तिने त्या चौथऱ्यापाशी घालवली होती. चंद्र तिलाही सहज आला नाही. तिने तो चिकाटीने आणला. आधी तार दोन बोटं निघायची आणि तुटायची, मग वीतभर, मग हातभर. पहिल्याच वर्षी तार सोडायला उशीर झाला आणि उजव्या तळव्यावर आडवा चटका बसला. गार वस्तूही भाजते हे तिला तेव्हा कळलं. जखम भरली, पांढरी रेघ राहिली. सासऱ्यांनी तेव्हा तिचा तळवा उजेडाकडे धरून पाहिला होता. "असू दे, सूनबाई. उद्या माझे डोळे गेले तरी या रेघेवरून तुला ओळखीन." त्यांचे डोळे आता खरोखरच जात चालले होते, आणि थोरलीने ते वाक्य बारा वर्षं जपून ठेवलं होतं.

दीड वर्षापूर्वी धाकटी आली. लग्नाच्या चौथ्या दिवशी तिने सहज, गंमत म्हणून, पाण्यात बोट घातलं आणि चंद्र तिच्या बोटापाशी येऊन थांबला. तिने बोट इकडे नेलं की तो इकडे, तिकडे नेलं की तिकडे. धाकटी खुदकन हसली. सांधेवाले खुर्चीतून उठले. त्यांच्या अधू डोळ्यांना काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी हाक मारली, "पोरी, तशीच थांब."

थोरलीला ते सूनबाई म्हणत. धाकटीला त्या दिवसापासून पोरी.

थोरलीला मत्सर वाटत होता. याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही, आणि तिने स्वतःशीही दिलं नव्हतं. धाकटी आळशी असती, तोंडाळ असती, तर सोपं झालं असतं. पण ती सकाळी थोरलीच्या आधी उठून चूल पेटवायची, थोरलीला ताई म्हणायची, आणि गिऱ्हाइकाने कामाची वाहवा केली की "ताईंनी शिकवलंय" म्हणून मोकळी व्हायची. थोरलीने तिला काहीही शिकवलं नव्हतं. ते ऐकलं की, चोरी करून वर उरलेलं कुणी आपल्याच हातावर ठेवावं, तसं तिला व्हायचं.

बारीकसारीक गोष्टीही सलायच्या. परातीला काशाचंच जड झाकण होतं. थंडीत त्याची मूठ हाताला डसायची म्हणून थोरलीने तिच्यावर निळा दोरा गुंडाळला होता. तिच्या हातून झाकण ठेवताना हमखास ठणकन आवाज व्हायचा. दुकान बंद झालं हे मला थोरल्या वहिनींच्या झाकणावरून कळतं, असं न्हावी म्हणायचा आणि गल्ली हसायची. धाकटीचं झाकण मांजर बसावं तसं बसायचं. आवाज नाही की काही नाही. न्हावी म्हणायचा, आजकाल माझा अंदाजच चुकतो.

स्वयंपाकघराच्या भिंतीत पाच खुंट्या होत्या आणि त्यांवर पाच कप. थोरलीचा तपकिरी होता. तिने सांधलेली पहिली वस्तू तीच, आणि कानाखालून गेलेला जाडाभरडा सांधा अजून बोटाला लागायचा. धाकटीचा निळ्या काठाचा. चहा ओतताना थोरली त्या निळ्या काठाकडे न बघता ओतायला शिकली होती.

सांधेवाल्यांनी परात देण्याची गोष्ट काढली ती रात्रीच्या जेवणाच्या वेळी. परात चढत्या अर्ध्या चंद्रालाच द्यायची असते. तेव्हा तो दिवेलागणीला भोकावर येतो. अर्धा जुन्या हाताचा, अर्धा नव्या हाताचा. दोघांनी पाण्याखाली हात धरायचे, आणि त्यानंतर जुन्याने परातीला पुन्हा हात लावायचा नाही. येत्या अर्ध्या चंद्राला मी हात काढून घेणार, ते म्हणाले. मग भातावर आमटी वाढत असलेल्या थोरलीच्या दिशेने न बघता त्यांनी पुढचं वाक्य बोलून टाकलं. "परात पोरीला देतोय."

धाकटी गोंधळली. ताईंना द्या, असं ती हळूच म्हणाली. सांधेवाले म्हणाले, सूनबाई आहेच की घरात, ती कुठे जातेय.

थोरली म्हणाली, "चांगलं केलंत, मामंजी." आणि मीठ घातलेल्या भाजीत पुन्हा मीठ घातलं. झोपताना तिच्या नवऱ्याने समजूत काढली, की अगं, तुझाही भार हलका होईल. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भार हलका करा असं तिने कधी कुणाला म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उतरता अर्धा चंद्र होता. उतरत्या पंधरवड्यातला तो कामाचा शेवटचा दिवस. त्यानंतर चंद्राची नवी कोर दिसेपर्यंत कुणी काही सांधत नाही. अशा दिवशी काम आटोपलं की परातीतलं पाणी अंगणात झाडाच्या बुंध्याशी ओतायचं आणि परात पालथी घालायची. हे काम थोरलीचं.

सूर्य नुकताच वर आला होता. भोकातून चंद्राचा पांढुरका अर्धा तुकडा दिसत होता आणि तोच परातीत उतरला होता. धाकटी पाण्यावर वाकून मास्तरीणबाईंच्या चष्म्याची काडी सांधत होती. शाळेची घंटा व्हायची होती आणि मास्तरीणबाई बाहेर बाकावर बसून घाई करत होत्या. धाकटीने तार आखडली, काडी दोनदा उघडमिट करून पाहिली आणि फडक्याला हात पुसत बाहेर गेली.

थोरली पाणी ओतायला पुढे झाली. परातीत चंद्र होता. चंद्राच्या शेजारी धाकटीचा चेहरा होता.

थोरलीने मागे वळून पाहिलं. दारातून धाकटीची पाठ दिसत होती, मास्तरीणबाई चष्मा नाकावर चढवून तिचा दंड थोपटत होत्या. थोरलीने पुन्हा पाण्यात पाहिलं. तिचा स्वतःचा चेहरा पाण्यात पडलाच नव्हता. धाकटी खालून वर बघत होती, शांतपणे, कुणाची तरी वाट बघावी तशी. केसांची एक बट कपाळावर आली होती. पाणी जरासुद्धा हलत नव्हतं.

पाण्यात चंद्र असताना झाकण ठेवायचं नाही, हे सांधकामातलं पहिलं शिक्षण. कोंडलेला चंद्र शिळा होतो आणि शेवटी पाण्यात ज्याचा हात होता त्याचा हात महिनाभर जड पडतो, असं सांगतात. कुणी करून पाहिलेलं नव्हतं. थोरलीच्या मनात आलं, ते एवढंच. महिनाभर हात जड पडेल. तेवढ्यात चढता अर्धा चंद्र येऊन जाईल. मामंजींना कळेल, की चार दिवसांचं कौतुक वेगळं आणि बारा वर्षांचा हात वेगळा.

तिने झाकण उचललं आणि ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हातून आवाज झाला नाही.

मग परात तशीच, पाण्यासकट, मागच्या कोठीत नेऊन फळीवर ठेवली. ती तिच्या अंदाजापेक्षा जड लागली.

धाकटी आत आली तेव्हा डावा गाल चोळत होती. बाहेर वारा आहे का, थोरलीने विचारलं. नाही, पण एका बाजूने गार वाटतंय, ती म्हणाली. मग चौथरा रिकामा बघून तिने विचारलं, "ताई, पालथी घातलीत ना परात?"

"घातली."

"बरं झालं. मला उगीच वाटलं, माझं काहीतरी आत राहिलं."

दुसऱ्या दिवशी तिच्या डाव्या गालावर सावली होती. दिव्याकडे पाठ केली की पडते तशी, पण धाकटी दिव्याकडे तोंड करून बसली तरी ती गेली नाही. थोरलीने घरातल्या एकेकाकडे पाहिलं. कुणाच्याच लक्षात आलेलं दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी न्हाव्याने थोरलीला विचारलं, वहिनी, एकट्या किती राबता, हाताखाली कुणी घ्या की. धाकटी दोन हातांवर अंगण झाडत होती. थोरलीने तिच्याकडे बोट दाखवलं. न्हाव्याने त्या बाजूला पाहिलं, डोळे किलकिले केले, आणि जरा उशिराने म्हणाला, "हो हो. ह्या आहेतच की."

चौथ्या दिवशी सावली नाकापर्यंत आली. धाकट्याने रात्री चार पाट मांडले. धाकटी पाचवा स्वतः घेऊन बसली. जेवताना सगळे बोलत होते. तिने मध्येच काही सांगितलं की एक क्षण शांतता पडायची, मग बोलणं तिथूनच पुढे सुरू व्हायचं. थोरलीने भात नुसताच चिवडला. आणि तरी खरं सांगायचं तर आत कुठेतरी तिला एक गोड, लाजिरवाणं समाधानही होतं. त्या रात्री सांधेवाल्यांनी पाण्यासाठी हाक मारली ती "सूनबाई" अशी. दीड वर्षात पाण्यासाठीची हाक तिच्या वाट्याला आली नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी धाकटी तिच्यापाशी येऊन उभी राहिली. चेहऱ्याची उजवी कड तेवढी नीट दिसत होती, नखाएवढी.

"ताई, आज सकाळपासून मला कुणी हाक मारली नाही."

"कामात असतील सगळे."

"यांनीही नाही. तुम्ही मारा ना एकदा."

थोरलीने तोंड उघडलं आणि तिला धाकटीचं नाव आठवेना. धाकटीने थोडा वेळ वाट पाहिली, मान हलवली आणि चूल पेटवायला गेली.

थोरली घाबरली. हात जड पडण्याची ही गोष्ट राहिली नव्हती. सहाव्या दिवशी, अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी, ती कोठीत गेली. ठरवलं होतं, झाकण काढायचं, पाणी झाडाला घालायचं, परात पालथी. कुणाला काही सांगायचंही नाही. तिने मुठीवर हात ठेवला. निळा दोरा बर्फासारखा गार होता. झाकणाखालून कसलाही आवाज येत नव्हता, आणि तरी तिला वाटलं, की आत कुणीतरी श्वास रोखून धरलाय.

मागे भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज आला. सांधेवाले भिंत चाचपत दारापर्यंत आले होते. "कोण आहे? पोरी, तूच ना?"

थोरलीचा हात मुठीवरच राहिला. बारा वर्षांत त्यांनी तिला ही हाक मारली नव्हती. अंधुक कोठीत त्यांना कोण दिसत होतं, हा प्रश्न तिला पडला. तिने तो बाजूला सारला.

"हो, मामंजी. मीच."

"परात तुझीच आहे हो. दुसरा कुणाचाही हात मला चालला नसता." त्यांनी पुढे होऊन अंदाजाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्यासारखा हात या घरात झाला नाही."

थोरलीला रडू आलं. सगळ्या आयुष्यात जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. ते पावलं मोजत परत गेले, आणि तिने मुठीवरचा हात काढून घेतला. उद्या ओतू, ती स्वतःशी म्हणाली. उद्या नक्की.

उद्या अमावस्या होती. त्या सकाळी चूल थंड होती. भिंतीत चार खुंट्या होत्या आणि चार कप. पाचवी जिथे होती तिथे थोरलीने बोट फिरवून पाहिलं. भोक नाही, ओरखडा नाही, रंगाचा पोपडासुद्धा निघालेला नाही. भिंत पहिल्यापासून तशीच असावी. कोपऱ्यातल्या खोलीत धाकट्याची एकट्याची खाट होती.

चहा पिताना तो वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाला, "बाबा, वहिनींना एकट्यांना किती काम पडतं. आता माझंही बघा कुणीतरी."

सगळे हसले. थोरलीही हसली, कारण हसली नसती तर तिला उठून ओरडावं लागलं असतं. त्या रात्री ती दचकून उठेल असं तिला वाटलं होतं. तिला गाढ झोप लागली. याचीच तिला नंतर जास्त भीती वाटली.

कोर दिसली ती चौथ्या दिवशी, दुपारी अडीचच्या सुमाराला. थोरलीने कोठीतून परात आणली, पाणी झाडाला घातलं, परात घासली, नवं पाणी भरलं आणि चौथऱ्यावर ठेवली. चंद्राची कोर पाण्यात उतरली. तिच्या कडेला, तेवढ्याच जाडीची, आणखी एक कोर होती. गालाची कड आणि केसांची एक बट.

थोरलीने पाणी ओतून दिलं. पुन्हा भरलं. पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा बाहेर मास्तरीणबाई खाकरल्या तेव्हा तिने डोळे मिटून पाण्यात हात घातला.

तार आपण होऊन हाताशी आली. न तुटता, न अडखळता, लांबच लांब. मास्तरीणबाईंनी किटली आणली होती, एकोणीस तुकडे झालेली, वर्तमानपत्रात गुंडाळून. एरवी थोरलीने दोन दिवस मागून घेतले असते. कोर भोकावरून सरकायच्या आत किटली उभी राहिली. मास्तरीणबाईंनी नखाने चाचपून पाहिली, उजेडात फिरवली. "बाई, तुमचा हात म्हणजे ना. पहिल्यापासूनच हलका."

पहिल्यापासून नाही, थोरलीला म्हणायचं होतं. पहिल्यापासून माझा हात जड होता. तिने किटलीकडे पाहिलं. तार कडेवर चढवण्याआधी तिला एक नाजूक पीळ दिलेला होता. तो पीळ तिचा नव्हता. वाहवा तिच्या तोंडावर होत होती आणि जात होती दुसरीकडेच. तिला लाज वाटायला हवी होती, दुःख व्हायला हवं होतं. ते झालंही असेल. पण वर येऊन बसला तो पुन्हा मत्सरच. जी आता कुठेच नव्हती तिचाही तिला हेवा वाटत होता.

पुढचे चार दिवस दुकानात रीघ लागली. पाण्यातली कोर रोज एक बोट रुंद होत होती. आधी गाल, मग नाकपुडी, मग मिटलेल्या ओठांचा कोपरा. थोरली तिच्याकडे न बघता काम करायची, आणि काम इतकं सुरेख व्हायचं की तिलाच बघत राहावंसं वाटायचं. तिच्या स्वतःच्या डाव्या गालाला गार लागायला लागलं होतं. वारा नव्हता.

अर्ध्या चंद्राच्या सकाळी तिने चहा घेतला. निम्मा पिऊन झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की ओठाला लागतोय तो काठ निळा आहे. तिने कप फिरवून पाहिला. कानाखाली सांधा नव्हता. खुंट्यांवर मामंजींचा कप होता, थोरल्याचा होता, धाकट्याचा होता. तपकिरी कप कुठेच नव्हता.

तिने उजवा तळवा उघडला. पांढरी रेघ होती. एका टोकाने ती पुसट झाली होती, पण होती. मामंजी हात धरतील तेव्हा त्यांच्या अंगठ्याला ती लागेल. डोळे गेले तरी ओळखीन, ते म्हणाले होते. दिवसभर ती मूठ घट्ट मिटून राहिली.

दिवेलागणीला सगळे दुकानात जमले. न्हावी दुकान सोडून आला होता, मास्तरीणबाई आल्या होत्या. थोरला टपालातून परस्पर आला होता आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. तो ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा, मान तुकवून, हसला.

भोकावर अर्धा चंद्र आला. पाण्यात उतरला. त्याच्या शेजारी अर्धा चेहरा होता.

सांधेवाल्यांनी बाह्या वर केल्या. पाण्याखाली त्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला. अंगठा तळव्यावरून फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. थोरलीने श्वास धरला.

"मऊ आहे," ते म्हणाले. "बरं झालं, पोरी. तुला कधी चटका बसला नाही. या कामात नवीन माणसाला हमखास बसतो."

मामंजी, मी थोरली आहे, ती म्हणाली. नीट बघा, मी थोरली.

आवाज आला नाही. ओठ हलले आणि पाणी तोंडात आलं. गार, जरासं शिळं.

दारातून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. तो दूरवरून, काशातून घुमून आल्यासारखा आला. "चला, बाबा, परातीचं मार्गी लागलं. आता माझंही बघा कुणीतरी."

सगळे हसले.

वर एक गोल भोक दिसत होतं. भोकाच्या अलीकडे एक चेहरा तिच्यावर वाकला होता. पूर्ण, उजळ, कुठेही सावली नसलेला. कपाळावर एक बट आली होती. त्या चेहऱ्यावर राग असता तर थोरलीला बरं वाटलं असतं. राग नव्हता. ओळखही नव्हती. पाणी स्वच्छ आहे की नाही हे बघावं, तशी ती बघत होती. किती छान दिसते ही, थोरलीच्या मनात आलं, आणि तोच जुना मत्सर वर आला.

"सरकला का गं चंद्र?" सांधेवाल्यांनी विचारलं.

चंद्र थोरलीच्या गालाला लागून होता, गार आणि स्थिर.

"सरकला, मामंजी."

वरून झाकण आलं. मुठीला निळा दोरा होता, थोरलीने स्वतः गुंडाळलेला, शेवटची गाठ जराशी ओबडधोबड.

ते टेकलं. आवाज झाला नाही.